दैव केव्हा म्हणावे?

 

या मासिकातून आजवर मी जे काही लिहिले ते संतचरित्रावर किंवा अभंगाच्या अर्थावर लिहिले. या खेपेस विषय निराळा आहे. लहान लेकरांना टोचतात त्या लशीविषयी लिहावयाचे आहे. 'महाराजांना म्हातारपणी दवाखान्याचा नाद लागला' असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. विषय दिसावयास दवाखान्याचा आहे, परंतु त्यातला प्रश्न आपल्या घरचा आहे, आणि त्या प्रश्नाला एकदा मी चुकीचे उत्तर दिले आहे. ते माझ्या माथ्यावर ऋण आहे.

झाले ते असे. २०२२ च्या चातुर्मासात आमच्या तालुक्यातील एका गावी सप्ताह होता. चौथ्या दिवसाची सेवा माझ्याकडे होती. ओघात गोरोबाकाकांचे चरित्र आले. तेरच्या त्या कुंभाराची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. बायको पाण्याला जाते, जाताना लेकराकडे लक्ष ठेवा म्हणून सांगते. काका नामाच्या नादात डोळे मिटून चिखल तुडवीत असतात. लेकरू रांगत येते आणि पायाखाली जाते. पुढे पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनात तेच लेकरू रांगत रांगत आईकडे येते. त्या दिवशी मृदंग चांगला जुळला होता, टाळकरी मनापासून उभे होते, आणि मंडपातील बायाबापड्यांच्या डोळ्यांस धार लागली होती. खरे सांगावयाचे तर मलाही त्या दिवशी माझ्या वाणीचा थोडासा अभिमान वाटला.

कीर्तन संपले. काला नव्हता, तेव्हा मंडळी लवकर पांगली. टाळकऱ्यांतला एक तरुण पाया पडावयास आला. कडेवर दीड वर्षाची मुलगी. म्हणाला, "महाराज, एक विचारायचंय. नर्सबाई दोनदा घरी येऊन गेल्या. पोरीला गोवराची लस राहिलीय म्हणतात. आई म्हणते, नको. चांगल्या पोरीला सुई टोचून ताप कशाला आणायचा? मला वाटतं, गोरोबांचं लेकरू ज्यानं उठवलं तो माझं नाही का राखणार? तुम्ही सांगाल तसं करतो."

गाडी उभी होती. पुढच्या गावी रात्रीची सेवा होती. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "राखील रे बाबा. पांडुरंग राखील." आणि गाडीत बसलो.

मी आशीर्वाद दिला होता. त्याने तो निर्णय म्हणून घरी नेला.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी मुंबईत गोवंडीकडे गोवर उसळला. भिवंडीला, मालेगावला पसरला. लेकरे दगावली. आमच्या भागात तो कोठून आला हे कळावयास मार्ग नाही. मुलीला ताप आला, नाकाडोळ्यांतून पाणी, मग अंगभर पुरळ. आजीने अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, घरात फोडणी बंद केली, आणि गोवराला औषध करू नये म्हणून कोणाला दाखवू दिले नाही. पुरळ ओसरू लागला तशी घरची मंडळी निर्धास्त झाली, आणि तेव्हाच मुलीचा श्वास जोरजोराने चालू लागला. गोवर छातीत उतरला होता. तालुक्याच्या गावी नेईपर्यंत उशीर झाला. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली.

मला हे आठ दिवसांनी कळले. भेटावयास गेलो. वाटले होते, तो मला काही बोलेल. चार शब्द बोलला असता तर बरे झाले असते. तो पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, पांडुरंगाची इच्छा. दैवात नव्हती ती आमच्या." माझाच शब्द त्याने मला परत दिला. तो घेऊन मी घरी आलो, आणि तेव्हापासून विचार करतो आहे की दैव हा शब्द माणसाने केव्हा उच्चारावा?

आमच्या पाठशाळेत गुरुजींनी आम्हांस याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय मिताक्षरेसह शिकविला. त्यात उपनिधी म्हणून एक प्रकरण आहे. उपनिधी म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेली ठेव. पाठशाळेतील पोरांना ते प्रकरण रुक्ष वाटे, मलाही वाटे. कोणाची पेटी, कोणाचे दागिने, आपल्याला काय त्याचे! परंतु त्या मुलीच्या दारातून परतताना गाडीत मला तेच प्रकरण आठवले. तेथे असे सांगितले आहे की ठेव राजाने नेली, चोराने नेली, किंवा दैवाने नष्ट झाली, तर ती सांभाळणाऱ्याकडून भरून घेऊ नये. येथवर ऐकले की वाटते, झाले, दैव म्हटले की सुटका. परंतु बृहस्पतीच्या नावावरील वचनांत त्याची दुसरी बाजू आहे. ठेव सांभाळणाऱ्याने आपल्या मालाहून तिच्यात भेद केला, किंवा उपेक्षेने ती नासू दिली, तर ती त्याने व्याजासह भरून द्यावी. म्हणजे घराला वीज लागून ठेव जळली तर ते दैव. आणि दाराला कडी न लावता झोपला व ठेव गेली तर? त्याला तो 'दैव' म्हणेल, पण धर्मशास्त्र म्हणू देत नाही. दैवाचे नाव घेण्याचा अधिकार आधी कडी लावणाऱ्यास आहे.

आता लेकरू आपले की ठेव? आपणच कीर्तनातून सांगतो की देह त्याचा, संसार त्याचा, लेकरेबाळे त्याची, आपण नुसते सांभाळणारे. मग ही ठेवच झाली. सावकाराची ठेव सांभाळावयाची तर कडीकुलूप लावतो, आणि पांडुरंगाची ठेव मात्र उघड्यावर टाकून 'तुझी तू बघ' म्हणतो, याला शरणागती कसे म्हणावे?

शरणागतीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण माझा घोटाळा तेथेच झाला. नवविधा भक्तीतील शेवटची भक्ती आत्मनिवेदन. शब्द नीट पाहा. आत्म म्हणजे स्वतःचे. मी माझा देह, माझा मान, माझे सुखदुःख देवाच्या पायी वाहू शकतो. उपास करीन, उन्हात चालेन, औषध न घेता पडून राहीन. तोही शहाणपणा की नव्हे हा वेगळा प्रश्न, पण निदान माझे मी दिले. दीड वर्षाच्या मुलीने काय निवेदन केले होते? तिला तर पांडुरंगाचे नावही बोबडे बोलता येत नव्हते. तिच्या वाटची निष्ठा आम्ही दोघांनी परस्पर वाहून टाकली, तिच्या बापाने श्रद्धेने आणि मी घाईने.

कोणी म्हणेल, "मग गोरोबाकाकांचे काय?" अहो, तेथेच तर खुबी आहे, आणि तीस-पस्तीस वर्षे ते चरित्र सांगून मला ती दिसली नव्हती. काका देहभान विसरले होते. लेकरू पायाशी आले हे त्यांस कळलेच नाही. 'येऊ दे, विठ्ठल उठवील' असा हिशेब करून त्यांनी पाय ठेवला नाही. तसा हिशेब केला असता तर ते संत न राहता काही भलतेच झाले असते. ज्याला नर्सबाई कोणत्या वारी येते हे ठाऊक आहे, जो तिला दारातून परत पाठवतो, आणि वर महाराजांना विचारावयास येतो, त्याचे देहभान जाग्यावर आहे. त्याला गोरोबांचा दाखला लागू नाही. आणि त्या कथेत आणखी एक माणूस आहे, त्याला आपण कीर्तनात नुसती रडावयास ठेवतो. ती म्हणजे आई. 'लेकराकडे लक्ष ठेवा' असे सांगून ती गेली होती. त्या कथेतील लेकराचा धर्म तिने सांगितला होता.

तसेच अनन्यभक्ताचा योगक्षेम मी वाहतो हे भगवंतांचे गीतेतील अभिवचन. योग म्हणजे नसलेले मिळवून देणे, क्षेम म्हणजे असलेले राखणे. तो वाहतो, हे खरेच. परंतु कोणाच्या हाताने वाहतो? भर पावसात ओढा ओलांडून, खांद्याला ती शीतपेटी अडकवून नर्सबाई येते. ती लस गार ठेवावी लागते, दोन अंशांपासून आठ अंशांपर्यंत, नाहीतर ती निकामी होते. म्हणून पेटीत बर्फाच्या पिशव्या घालून ती तासन् तास चालते. सोबत आशाताई असते. हे क्षेम वाहणे नव्हे तर काय? आणि ते दाराशी आले असता आपण म्हणतो, देव राखील, तुम्ही जा.

आता प्रारब्धवाद्यांचा पूर्वपक्ष. ज्याचे जेवढे आयुष्य लिहिले तेवढे तो जगणार, सुईने काय होते? हा आक्षेप नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसरा अध्याय साथीच्या रोगांवरच आहे. पांचाल देशात कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठी वनातून फिरताना भगवान आत्रेय अग्निवेशाला सांगतात की ग्रहनक्षत्रांची, वाऱ्याची, ऋतूंची लक्षणे बिघडलेली दिसतात. लवकरच भूमी निःसत्त्व होईल, तेव्हा वनस्पतींतला गुणही जाईल. म्हणून देश उद्ध्वस्त होण्याच्या आधीच औषधे गोळा करून ठेवा. आधीच! हा शब्द मी शाळकरी वयात वाचला होता आणि पुढे निघून गेलो होतो. साथ दाराशी आल्यावर धावाधाव करणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. लशीचे तर सारे मर्मच या 'आधी'त आहे. गोवर अंगावर फुलल्यावर ती लस त्या लेकरास वाचवीत नाही.

त्याच अध्यायात अग्निवेश पुढे विचारतो की आयुष्य ठरलेले असते की नसते? आत्रेय म्हणतात, सर्वांचेच सारे ठरलेले असते तर कोणी मंत्र, औषधी, पथ्य यांच्या वाटेस गेले नसते, आणि पिसाळलेल्या हत्तीपुढून कोणी पळाले नसते. दैव आणि पुरुषकार यांत जे बलवान ते दुसऱ्यास मागे सारते. दृष्टांत गाडीच्या आंसाचा दिला आहे, तो दिंडीवाल्यांस चटकन् समजेल. चांगला आंस नीट वापरला तर झिजून आपल्या वेळी जातो. तोच आंस फार ओझे घातले, वाट खाचखळग्यांची असली, तर अध्येच मोडतो. अध्ये मोडलेल्या आंसाला 'याचे आयुष्यच एवढे होते' असे कोण गाडीवान म्हणतो?

येथे एक पुस्ती जोडतो. त्या अध्यायात साथीच्या मुळाशी अधर्म सांगितला आहे, त्याचा आधार घेऊन काही मंडळी दगावलेल्या लेकराच्या आईबापांस 'तुमचेच काही पाप' म्हणून टोचून बोलतात. त्यांनी मूळ वाचावे. आत्रेयांनी पहिला ठपका देशाच्या आणि नगराच्या प्रमुखांवर ठेवला आहे, पाळण्यातल्या जिवावर नाही.

मधूनमधून कोणी असेही सांगतात की लस ही आपल्याच जुन्या संस्कृत ग्रंथांत होती, परक्यांनी चोरली. चरकात आणि सुश्रुतात मसूरिकेचा उल्लेख आहे, माधवनिदानात तिच्यावर सबंध प्रकरण आहे, भावप्रकाशात तर शीतलादेवीचे स्तोत्रही दिले आहे. परंतु लस टोचण्याचा विधी चरक-सुश्रुतांत नाही. नाही ते नाही. आपल्या ग्रंथांची थोरवी त्यावर अवलंबून नाही. बंगालात मात्र एक रीत होती. टीकादार म्हणून लोक गावोगाव फिरत आणि देवीच्या फोडातील लस घेऊन निरोगी माणसाच्या हातावर टोचीत, म्हणजे सौम्य देवी येऊन माणूस पुढे सुरक्षित राही. हॉलवेल नावाच्या इंग्रजाने १७६७ साली त्याचे वर्णन छापले. त्या रीतीत शीतलामातेची पूजा असे, आणि सुईही असे. दोघींचे भांडण त्या लोकांस माहीत नव्हते. त्यात धोका मात्र होता. टोचलेला माणूस दगावण्याची भीती असे, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला खरी देवी लागू शके. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या सडावर येणाऱ्या फोडांची लस आठ वर्षांच्या एका मुलास टोचून पाहिली, आणि तो धोका पुष्कळ कमी झाला. इंग्रजीतील व्हॅक्सीन हा शब्दच लॅटिन भाषेतील गाईच्या नावावरून आला आहे. गोमातेचे हे उपकार आपल्या कीर्तनांत कोणी सांगत नाही, मीही कधी सांगितले नव्हते. ही लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने माणसाच्या दंडावरून माणसाच्या दंडावर अशी करीत मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली. हिंदुस्थानातील ती पहिली.

माझ्या डाव्या दंडावर देवी टोचल्याचा रुपयाएवढा व्रण आहे. माझ्या वयाच्या सर्वांच्या दंडावर तो सापडेल. आमच्या लहानपणी गावात तोंडावर वण असलेली, एका डोळ्याने अधू झालेली माणसे घरोघरी असत. या देशातील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आसामात करीमगंज येथे सापडला, आणि १९८० साली साऱ्या पृथ्वीवरून हा रोग गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. त्यानंतर ती सुई टोचणेही थांबले. माझ्या नातवाच्या दंडावर व्रण नाही. गावाबाहेर मरीआईचे, शीतलेचे ठाणे आजही आहे, नारळ फुटतो, ओटी भरली जाते. रोग गेला, देवी गेली नाही. मग देवीचा कोप होईल म्हणून गोवराला औषध करू नये असे म्हणणाऱ्या आजीबाईंना मी हात जोडून विचारतो की इतका मोठा रोग सुईने घालवला तेव्हा ती कोपली काय?

पोलिओचेही तसेच. पाठशाळेत माझ्याशेजारी बसणाऱ्या एका मुलाचा उजवा पाय काठीसारखा वाळलेला होता. गळा असा की ऐकत राहावे. पण वारीला पायी जाता येत नाही म्हणून आषाढ आला की तो कोणाशी बोलत नसे. २००९ साली आपल्या देशात या रोगाची ७४१ लेकरे सापडली होती. दर रविवारच्या त्या दोन थेंबांची आपण किती थट्टा केली! १३ जानेवारी २०११ रोजी बंगालात हावड्याकडे एक मुलगी आजारी झाली, तिच्यानंतर या देशात रानटी पोलिओचा रोगी सापडला नाही, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. शेजारच्या पाकिस्तानात आणि अफगाणिस्तानात तो अजून आहे, म्हणून थेंब चालू आहेत.

माझ्या आजीला या रोगांची नावे तोंडपाठ होती. घटसर्प म्हटले की ती कानावर हात ठेवी. घशात राखट साय धरते, मान सुजते, लेकरू गुदमरते, आणि त्यातून वाचले तर रोगाचे विष काळजावर जाते. डांग्या खोकल्यात लेकरू खोकून खोकून निळे पडे आणि श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज करी. नाळेला धनुर्वात झालेले बाळ पाचव्या-सातव्या दिवशी ओठ आवळून बसे, दूध ओढत नसे. आजीच्या घरातून असे दोन पाळणे रिकामे झाले होते. आजच्या सुनांना ही नावे कार्डावर छापलेली दिसतात, रोग दिसत नाहीत. त्यांना दिसतो तो सुईनंतरचा ताप. म्हणून भय रोगाचे होते ते सुईचे झाले. त्यांना मी दोष देत नाही. जे डोळ्यांपुढे घडते त्याचे भय वाटणारच.

आणि ताप येतो, हे लपवू नये. एक-दोन दिवस अंग तापते, मांडीला गाठ येते, लेकरू किरकिरते. अगदी क्वचित एखाद्यास जास्त त्रास होतो, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसवून ठेवतात, तो बसावाच. परंतु या भयाच्या पोटात एक तर्क लपलेला असतो. टोचले आणि ताप आला तर ते मी केले. न टोचता गोवर आला तर ते देवाने केले. करण्याचे पाप लागते, न करण्याचे लागत नाही, असा हा तर्क. मीमांसक तर म्हणतात की नित्यकर्म न केल्यानेही प्रत्यवाय आहे. आचार्यांनी त्यावर, अभावातून भाव कसा निपजेल, अशी शंका घेतली आहे खरी, पण तो वाद पाठशाळेत राहू द्या. दाराशी आलेल्या नर्सबाईस 'उद्या या' म्हणणे हा काही अभाव नव्हे. ते तोंडाने केलेले कर्म आहे. माझे 'राखील रे बाबा' हेही कर्मच होते.

लस शरीरात काय करते हे मी एका डॉक्टरांकडून समजून घेतले आणि मला पाठशाळाच आठवली. गुरुजी पहिली संथा देत. ती एकदा ऐकली म्हणजे ओळख होई, पण कंठस्थ होण्यास आवृत्ती लागे. लशीत रोगाचा जंतू दुबळा करून, किंवा त्याच्या विषातले विषपण काढून, शरीरास त्याची संथा देतात. पुढे खरा जंतू आला की शरीर अडखळत नाही. म्हणून एकच सुई पुरत नाही, आवृत्ती लागते. गोवर-रुबेलाची पहिली नऊ महिने भरल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची दीड महिन्यापासून तीनदा, पुढे दीड वर्षाला आणि पाच वर्षांनी पुन्हा. सरकारी केंद्रात याला पैसा पडत नाही.

आता वारीकडे येतो, कारण हे लिखाण वाचणारे तुम्ही वारकरी आहात. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो, तो माणसाकडून माणसास लागत नाही. त्याची सुई ज्याने घेतली त्यालाच राखते. गोवराचे तसे नव्हे. गोवर झालेले लेकरू खोलीतून निघून गेले तरी दोन तासांपर्यंत तेथील हवेत तो राहू शकतो. एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांस लागू शकतो, जर त्यांनी लस घेतली नसेल आणि त्यांस तो पूर्वी होऊन गेला नसेल. म्हणून जाणकार सांगतात की शंभरांतील पंचाण्णव लेकरांस दोन्ही सुया झाल्या असतील तरच त्याला वाट सापडत नाही. आणि आपल्या दिंड्यांतून काय असते? आईच्या पाठीला झोळीत सहा महिन्यांचे बाळ असते. त्याला सुई देण्याचे वय अजून झालेले नाही. रात्री एका तंबूत आपण चाळीस माणसे निजतो. त्या बाळास राखणारे कोण? भोवतालची टोचलेली लेकरे. ती राहिली तर रोग त्याच्यापर्यंत येत नाही. माझे वडील सांगत की त्यांच्या काळी पटकीची सुई टोचून घेतल्याची चिठ्ठी दाखविल्याखेरीज वारकऱ्यास पंढरपुरात सोडीत नसत. लोक कुरकुरत, काही आडवाटेने शिरत, पण बहुतेक दंड पुढे करीत. आपण भेटेल त्यास माउली म्हणतो आणि त्याच्या पायी लागतो. त्याच माउलीच्या झोळीतील बाळाला माझ्या घरचा रोग लागू नये एवढे तरी त्या पाया पडण्यात आले पाहिजे.

इंग्लंडात १९९८ साली एका वैद्याने गोवराच्या लशीने लेकरांचे मन बिघडते असा निबंध छापला होता. तो खोटा ठरून २०१० साली मागे घेतला गेला, आणि त्याची सनदही गेली. आपल्याकडे भ्रमणध्वनीवर तो अजून फिरतो. याहून अधिक त्याच्याविषयी लिहिण्याजोगे नाही.

गोरोबांचे चरित्र मी सोडलेले नाही. पण चिखलाशी आलो की मृदंग थांबवतो आणि आईचे बोलणे दोनदा सांगतो. 'लेकराकडे लक्ष ठेवा.' मग मंडपात ज्यांच्या मांडीवर लेकरे आहेत त्यांना विचारतो की कोणाची सुई राहिली आहे? आधी कोणी बोलत नाही. मग एखादी बाई पदराआडून हात वर करते. एकदा एका जुन्या विणेकऱ्यांनी मला बाजूस घेऊन म्हटले, "महाराज, रस मोडतो." मोडतो खरा.

त्या टाळकऱ्याच्या घरी पुढे दुसरी मुलगी झाली. यंदाच्या वैशाखात तिला नऊ महिने भरले. आजीने अजून हो म्हटले नव्हते. मी गेलो, आजीपाशी बसलो, आणि तिला म्हणालो की पहिल्या नातीच्या वेळी मी बोललो ते चूक होते, ते मी परत घेतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, मुलीला अंघोळ घातली, काजळाची तीट लावली आणि सुनेच्या हाती दिली.

उपकेंद्रात आम्ही चौघे गेलो. नर्सबाईने पेटी उघडली. बापाने मुलीला छातीशी धरले आणि डोळे मिटून घेतले. मुलगी किंचाळली. अर्धा तास आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो. तेथे त्याने कार्ड उघडून पुढची तारीख वाचली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, "महाराज, दुसरी सुई पुढच्या माघ वारीच्या सुमारास येतीय. टोचूनच निघू."

मी बरे म्हणालो. मुलगी तोवर झोपली होती.